पाठीवर वशिंड असलेला शिकारी

मढ, प्रतिनिधी : वेसाव्याहून तरीने मढला उतरावे आणि ओहोटीच्या वेळी किनाऱ्याने चालू लागावे, तर उघड्या पडलेल्या खडकांवर शाळकरी मुलांचा एखादा घोळका हमखास भेटतो. हाताला लांबट, खडबडीत असा दगड लागला की त्यांच्यापैकी कोणीतरी तो उंचावून 'डायनासोरचे हाड' म्हणून मिरवतो. मोठी माणसे हसतात आणि पुढे जातात. पण त्या पोराच्या दाव्यामागे दोन चांगले प्रश्न दडलेले आहेत. पहिला, मढचा हा खडक डायनासोरांच्या काळातला आहे का? आणि दुसरा, हाडाच्या एखाद्या तुकड्यावरून संपूर्ण प्राणी उभा करणे खरोखर शक्य असते का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना एका विलक्षण प्राण्याची ओळख करून घ्यावी लागते. हा प्राणी मांसाहारी, दोन पायांवर चालणारा, सहा मीटर लांबीचा. आणि त्याच्या पाठीवर, कमरेच्या अगदी पुढे, चक्क एक वशिंड. शिकारी डायनासोरच्या पाठीवर उंचवटा असू शकतो, हे शास्त्रज्ञांना दीडशेहून अधिक वर्षे ठाऊक होते. तो नेमका कोठे असतो, हे मात्र २०१० मध्ये स्पष्ट झाले.

स्पेनमधील 'पेपितो'

स्पेनच्या कुएंका प्रांतात लास ओयास नावाचे ठिकाण आहे. सुमारे साडेबारा कोटी वर्षांपूर्वी तेथे उथळ, दलदलीचे गोडे पाणी होते. त्याच्या तळाशी चुन्याचा अत्यंत बारीक गाळ थरावर थर साचत गेला. मासे, कीटक, झिंगे, प्राचीन पक्षी असे जे काही त्या गाळात पडले, ते जणू वहीत दाबून ठेवलेल्या पानाप्रमाणे टिकून राहिले. याच चुनखडकात एका मांसाहारी डायनासोरचा जवळजवळ पूर्ण सांगाडा सापडला. हाडे विखुरलेली नव्हती. ती ज्या क्रमाने जिवंत प्राण्याच्या शरीरात होती, त्याच क्रमाने खडकात पडून होती.

फ्रान्सिस्को ओर्तेगा, फर्नांदो एस्कासो आणि होसे लुईस सान्झ या तीन स्पॅनिश शास्त्रज्ञांनी सप्टेंबर २०१० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याला 'कॉन्कॅव्हेनेटर कॉर्कोव्हाटस' असे नाव देण्यात आले. कुएंकाचा कुबडा शिकारी, असा त्याचा अर्थ. उत्खनन करणाऱ्यांनी मात्र लाडाने त्याचे नाव 'पेपितो' ठेवले होते आणि तेच लोकांच्या तोंडी बसले.

पेपितोची लांबी बेस्टच्या एकमजली बसच्या साधारण निम्मी. ज्या गटात त्याची गणना होते, त्या गटात पुढे आफ्रिकेत कार्कारोडोन्टोसॉरस आणि दक्षिण अमेरिकेत जिगानोटोसॉरस यांसारखे बारा-बारा मीटरचे महाकाय शिकारी झाले. त्यांच्या तुलनेत हा मध्यम चणीचाच. परंतु या भाऊबंदांपैकी कोणाकडेही नसलेली गोष्ट त्याच्यापाशी होती. कमरेच्या लगेच पुढे असलेल्या दोन मणक्यांचे वरचे काटे एकाएकी उंचावलेले होते, आणि त्यांची उंची मणक्याच्या मूळ गाभ्याच्या कित्येक पट होती. दोनच मणके, आणि तेही एकमेकांस लागून. त्यामुळे पाठीवर लांबलचक शीड न होता एक टोकदार उंचवटा तयार झाला होता.

त्याच्या तळपायाखालील गाद्यांचे आणि खवल्यांचे ठसेही खडकात उमटले आहेत. शिवाय कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडावर बारीक उंचवट्यांची एक ओळ आहे. पक्ष्यांच्या हाडांवर मोठी पिसे जेथे रुजलेली असतात, तेथे असे उंचवटे आढळतात. त्यामुळे या प्राण्याच्या हातांवर पिसांसारखे काही असावे, असे मूळ संशोधकांनी सुचविले. इतर काहींच्या मते त्या स्नायू किंवा स्नायुबंध चिकटल्याच्या खुणा आहेत. हा वाद मिटलेला नाही. उंच काट्यांबद्दल मात्र वाद नाही. ते डोळ्यांसमोर आहेत. वाद आहे तो त्यांच्यावर काय होते आणि ते कशासाठी होते, याबद्दल.

वशिंड की शीड?

येथे आपल्या परिचयाची तीन जनावरे उपयोगी पडतात. खिलारी बैलाचे वशिंड हे मुख्यत्वे स्नायू आणि चरबी यांचे बनलेले असते. आतून त्याला उंच हाडाचा आधार नसतो. जुहू चौपाटीवर मुलांना फिरवणाऱ्या उंटाचे मदार तर निव्वळ चरबीचे. उद्या बैल आणि उंट जगातून नाहीसे झाले आणि केवळ सांगाडे उरले, तर लाखो वर्षांनी ते पाहणाऱ्याला या दोघांच्या पाठीवर काही होते, असा संशयही येणार नाही.

तिसरे जनावर म्हणजे गवा. राधानगरीच्या जंगलात ज्यांनी गवा पाहिला असेल, त्यांना त्याच्या खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत येणारा आणि तेथे एकदम तुटणारा उंच कणा आठवत असेल. तो उंचवटा हाडांचा आहे. खांद्याजवळच्या मणक्यांचे काटे लांब वाढल्यामुळे तो तयार होतो, आणि गव्याचे जड डोके पेलणारे स्नायू त्या काट्यांना धरून असतात. अमेरिकेतील बायसनचेही तसेच.

म्हणजे वशिंड दिसले म्हणून हाड असेलच असे नाही, आणि हाड उंच असले म्हणून त्यावर चरबीचे वशिंड असेलच असेही नाही. काही सरड्यांच्या पाठीवर उंच काट्यांच्या आधाराने केवळ कातडीचा पातळ पडदा असतो. पेपितोच्या दोन काट्यांवर मांसल उंचवटा होता, कातडीचा तुरा होता, की आणखी काही, हे हाडे थेट सांगत नाहीत.

तरीही काही शक्यता बाद करता येतात. गव्याप्रमाणे डोके पेलण्यासाठी हा उंचवटा असता, तर तो खांद्यापाशी असायला हवा होता. पेपितोचा उंचवटा मागे, कमरेपाशी आहे. अंगातील उष्णता बाहेर टाकण्यासाठी तो असता, तर त्याचा पृष्ठभाग मोठा असणे उपयोगाचे ठरले असते. दोन मणक्यांच्या अरुंद उंचवट्याने असा कितीसा फायदा होणार? मग उरते ती चरबीच्या साठ्याची शक्यता आणि दिखाऊपणाची. मोराचा पिसारा किंवा सांबराची शिंगे यांप्रमाणे जोडीदाराला आकर्षित करण्यासाठी अथवा आपल्याच जातीच्या प्राण्यांनी ओळखावे यासाठी हे चिन्ह असावे, असे अनेकांना वाटते. एकच सांगाडा हाती असताना याहून ठाम विधान करणे धाडसाचे होईल.

लंडनच्या बागेतील चूक

पेपितोचे महत्त्व कळण्यासाठी एकोणिसाव्या शतकात डोकवावे लागते. १८५० च्या दशकाच्या सुरुवातीस इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात सॅम्युअल बेकल्स यांना तीन मोठे मणके मिळाले. त्यांचे काटे असाधारण उंच होते. 'डायनासोर' हा शब्द १८४२ मध्ये रूढ करणारे रिचर्ड ओवेन यांनी हे मणके मेगॅलोसॉरस या मांसाहारी डायनासोरचे असल्याचे मानले. मेगॅलोसॉरसचे नामकरण १८२४ मध्ये झाले होते. पण त्याचा जबडा आणि काही हाडे यांपलीकडे कोणी फारसे पाहिले नव्हते.

त्याच सुमारास लंडनजवळ सिडनहॅम येथे क्रिस्टल पॅलेसच्या बागेत प्राचीन प्राण्यांचे पूर्णाकृती पुतळे उभारले जात होते. बेंजामिन वॉटरहाऊस हॉकिन्स या शिल्पकाराने ओवेन यांच्या मार्गदर्शनाखाली ते घडविले. १८५४ मध्ये बाग खुली झाली, तेव्हा लोकांनी पाहिला तो चार पायांवर उभा असलेला, अस्वलासारखा थोराड मेगॅलोसॉरस. आणि त्याच्या खांद्यावर एक वशिंड. त्या तीन उंच मणक्यांवरूनच शिल्पकाराला हे वशिंड सुचले, असे मानले जाते. पुतळा आजही त्या बागेत उभा आहे.

यात चुका किती होत्या? मेगॅलोसॉरस दोन पायांवर चालत असे. ते मणके त्याचे नव्हतेच. पुढे त्या प्राण्याला 'अल्टिस्पायनॅक्स' हे स्वतंत्र नाव मिळाले. आणि ते मणके खांद्याचे नसून पाठीच्या मागच्या भागातील असावेत, असे नंतरच्या संशोधकांचे मत पडले. २०१० मध्ये पेपितोचा सांगाडा समोर आला आणि त्यात कमरेपुढे अगदी मिळत्याजुळत्या स्वरूपाचे उंच काटे दिसले, तेव्हा या मताला मोठेच बळ मिळाले.

ओवेन अज्ञानी होते, असे यावरून समजण्याचे कारण नाही. त्यांच्या हातात मणके होते, पण मणक्यांचा पत्ता नव्हता. उंचवटा त्यांनी बरोबर ओळखला. तो चुकीच्या प्राण्याला, चुकीच्या जागी लावला. मासळी साफ करणाऱ्या कोळणीला नुसता एक काटा दाखवला, तर तो पाठीच्या पराचा की पोटाजवळचा हे ती अनुभवाने सांगेल, कारण अख्खा मासा तिने हजारदा हाताळलेला असतो. ओवेन यांनी तोवर अख्खा डायनासोर पाहिलेला नव्हता.

उंच काट्यांचे इतर धनी

उंच काट्यांचा सर्वांत प्रसिद्ध मालक म्हणजे स्पायनोसॉरस. इजिप्तच्या बहारिया मरुद्यानातून मिळालेल्या हाडांवरून जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट स्ट्रोमर यांनी १९१५ मध्ये त्याचे वर्णन केले. त्याचा सर्वांत लांब काटा १.६५ मीटरचा, म्हणजे मध्यम उंचीच्या माणसाएवढा होता. ही हाडे म्युनिचच्या संग्रहालयात होती. एप्रिल १९४४ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बहल्ल्यात ती नष्ट झाली आणि मागे उरली ती स्ट्रोमर यांची रेखाचित्रे, टिपणे आणि काही छायाचित्रे. मोरोक्कोतील नव्या सांगाड्याच्या आधारे २०१४ आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी हा प्राणी बराच काळ पाण्यात वावरत असावा, असे सुचविले. तो पट्टीचा पोहणारा होता की काठावरून मासे टिपणारा, यावर अजून चर्चा चालू आहे.

उत्तर अमेरिकेतील अॅक्रोकॅन्थोसॉरस हा तर पेपितोच्याच गटातला. सुमारे ११ मीटर लांबीच्या या शिकाऱ्याच्या मानेपासून शेपटीपर्यंत काटे उंचावलेले होते आणि त्यावर शिडाऐवजी जाड स्नायूंचा कणा असावा, असे मानले जाते. थोडक्यात, उंच काटे ही एकाच प्राण्याची मिरास नव्हती. वेगवेगळ्या गटांत ती वेगवेगळ्या वेळी आणि बहुधा वेगवेगळ्या कारणांनी निर्माण झाली.

महाराष्ट्रातील मांसाहारी

आपल्याकडे असा वशिंडधारी शिकारी सापडलेला नाही. भारतातील मांसाहारी डायनासोरांचे अवशेष मुख्यतः लॅमेटा नावाच्या खडकांत मिळतात. जबलपूरपासून गुजरातच्या बालासिनोरपर्यंत आणि इकडे नागपूर-चंद्रपूरपर्यंत हे खडक तुटक तुटक पसरलेले आहेत. त्यांचा काळ डायनासोरांच्या अस्तापूर्वीचा अखेरचा, म्हणजे पेपितोनंतर सुमारे साडेपाच कोटी वर्षांनीचा. तेव्हाचे येथील शिकारी वेगळ्या घराण्यातले. आखूड तोंडाचे, अगदी तोकड्या हातांचे. गुजरातेतील रहियोली येथे १९८० च्या दशकात मिळालेल्या हाडांवरून २००३ मध्ये नामकरण झालेला 'राजासॉरस नर्मदेन्सिस' हा त्यांतील सर्वांत ख्यातनाम. त्याचे वैशिष्ट्य पाठीवर नसून डोक्यावर होते. कपाळावर एक बुटके शिंग. मादागास्करमधील माजुंगासॉरस त्याचा नातलग. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत भारत आणि मादागास्कर हे एकमेकांस जोडलेले होते, याची आठवण हे नाते करून देते.

महाराष्ट्राच्या वाट्याला मांसाहाऱ्याचा आला तो एक दात, आणि त्याची कथा ओवेन यांच्या मणक्यांसारखीच आहे. नागपूरजवळच्या टाकळी येथील हा दात रिचर्ड लिडेकर यांनी १८९० मध्ये नोंदविला. त्यांनी तो मॅसोस्पॉन्डिलस या दक्षिण आफ्रिकेतील डायनासोरच्या वंशात घातला. मॅसोस्पॉन्डिलस मुख्यतः झाडपाला खाणारा आणि टाकळीच्या खडकाहून दहा कोटींपेक्षा अधिक वर्षे जुना. हा दात मांसाहारी डायनासोरचा असल्याचे पुढील अभ्यासकांनी ठरविले. पण तो नेमका कोणाचा, हे एका दातावरून कसे सांगणार?

चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यातील पिसदुरा या गावाचे नाव जगभरच्या जीवाश्मतज्ज्ञांना परिचित आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथील अवशेषांकडे लक्ष वेधले. येथे शाकाहारी महाकाय डायनासोरांची हाडे, कासवे, तसेच २०११ मध्ये 'मॅडसोइया पिसदुरेन्सिस' असे नाव मिळालेला मोठा साप आढळला. येथील विष्ठाश्मांत, म्हणजे दगड झालेल्या विष्ठेत, गवताचे सूक्ष्म सिलिकाकण सापडल्याचे २००५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. डायनासोरांच्या काळात गवत नव्हतेच, ही तोवरची समजूत त्या शोधाने मोडीत काढली.

मात्र पिसदुऱ्याची हाडे बव्हंशी शेतांच्या पृष्ठभागावर सुटी विखुरलेली मिळतात. कोणते हाड कोणत्या प्राण्याच्या कोणत्या भागाचे, हे ठरविणे त्यामुळे जिकिरीचे होते. याउलट त्याच जिल्ह्यातील डोंगरगाव येथे १९८० च्या दशकात सोहन जैन यांना एकाच शाकाहारी प्राण्याच्या सांगाड्याचा मोठा भाग एकत्र मिळाला. १९९७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि २००३ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'आयसिसॉरस' हे नाव मिळाले. तुलनेने आखूड मान आणि लांब पुढचे पाय, ही त्याची ठेवण सांगता आली ती हाडे एकत्र होती म्हणूनच.

मढचा खडक काय सांगतो

आता मढच्या मुलांचा पहिला प्रश्न. मढ, मनोरी, गोराई, उत्तन या पट्ट्यात काळ्या बसाल्टबरोबर ट्रॅकाइट, रायोलाइट असे फिकट ज्वालामुखी खडकही आहेत. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कालमापनानुसार खाडीपलीकडच्या मनोरीच्या ट्रॅकाइटचे वय सुमारे ६ कोटी ४ लाख वर्षे आहे. साकीनाक्याचा ट्रॅकाइट सुमारे ६ कोटी १८ लाख वर्षांचा. अंधेरीतील ६१ मीटर उंचीची प्रसिद्ध गिल्बर्ट टेकडीही मोजणीत सुमारे ६ कोटी ५ लाख वर्षांचीच निघाली. डायनासोर नाहीसे झाले ते ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. याचा अर्थ, या किनाऱ्यावरचा लाव्हा थिजला तेव्हा शेवटचा डायनासोर जाऊन चाळीस-पन्नास लाख वर्षे उलटली होती. शिवाय उकळत्या लाव्ह्यात हाड टिकत नाही. त्यासाठी गाळ लागतो.

तसा गाळ मुंबईतही होता. दोन लाव्हाप्रवाहांमधील विसाव्याच्या काळात येथे तळी साचली आणि त्यांच्या तळाशी जीव गाडले गेले. वरळीच्या अशा थरांतून १८४० च्या दशकात चिमुकल्या बेडकांचे असंख्य सांगाडे मिळाले. १८४७ मध्ये त्यांचे शास्त्रीय नामकरण केले ते दुसऱ्या तिसऱ्या कोणी नव्हे, तर रिचर्ड ओवेन यांनीच. मेगॅलोसॉरसच्या खांद्यावर वशिंड चढण्याच्या सात वर्षे आधी त्यांनी मुंबईचा बेडूक ओळखला होता. बेडकाच्या बाबतीत त्यांची गफलत झाली नाही. कारण तेथे सांगाडे अख्खे होते आणि जिवंत बेडूक सर्वांच्या परिचयाचे होते. पुढे १९३० मध्ये त्याला 'इंडोबॅट्रॅकस' हे आजचे वंशनाम मिळाले.

हाड उचलू नका

ओवेन यांचे मणके, टाकळीचा दात आणि लास ओयासचा पेपितो एकच गोष्ट सांगतात. जीवाश्माइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, मोलाची असते ती त्याची जागा. पेपितोचे ते दोन मणके कोणी हौसेने उचलून घरी नेले असते, तर आज त्यांच्यावरून पुन्हा एखाद्या भलत्याच प्राण्याच्या खांद्यावर वशिंड चढले असते.

हा धोका आपल्याकडे खराच आहे. पिसदुऱ्यासारख्या ठिकाणी अवशेष उघड्यावर असतात. नांगर, पाऊस आणि आठवण म्हणून दगड खिशात घालणारे पर्यटक, यांपैकी कोणालाही अडवायला तेथे कुंपण नसते. मुंबईत वरळीचा परिसर इमारतींनी व्यापला आणि गिल्बर्ट टेकडीच्या पायथ्याशी वस्ती येऊन भिडली. भूवारसा स्थळांच्या जतनासाठी केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये एका विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी जाहीर केला होता. परंतु कायद्याची वाट न पाहता प्रत्येकाला करता येईल असे काही आहे. विदर्भाच्या सहलीत शेतात वा नाल्यात हाडासारखा दगड दिसला, तर तो हलवू नये. शेजारी नाणे किंवा पेन ठेवून छायाचित्र काढावे, जागा नोंदवावी आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर येथील कार्यालयास अथवा जवळच्या महाविद्यालयातील भूशास्त्र विभागास कळवावे.

मढच्या किनाऱ्यावरच्या मुलाच्या हातातील दगड हाड नाही, एवढे निश्चित. पण त्याला हसून वाटेला लावण्यापेक्षा दोन मिनिटे थांबून सांगावे, की बाळा, हा दगड शेवटच्या डायनासोरनंतरचा आहे, आणि खरे हाड सापडलेच, तर पहिले काम म्हणजे त्याला हात न लावणे.